अमरीलिस 'रेड लायन' : दुसऱ्या बहरानंतरचा अनुभव

पुण्याच्या हवेत कुंडीतले 'रेड लायन' या लाल फुलांच्या अमरीलिसचे कंद दुसऱ्यांदा फुलल्यावर हे लिहीत आहे. पहिल्या बहरावरून या कंदांची पारख करू नये. ती फुले आपल्याकडे येण्याआधीच कंदात धरलेली असतात. आपली मशागत दिसते ती दुसऱ्या वर्षी.

घेताना घेर बघावा. २६-२८ सेंमी घेराच्या कंदाला फुलांचा एक, क्वचित दोन दांडे येतात. ३४ सेंमीच्या पुढे दोन सहज, आणि दांड्यावर साधारण चार फुले. तळाशी दाबून मऊ लागणारा कंद मोठा असला तरी परत करावा.

कुंडी कंदाभोवती दोन-तीन सेंमी जागा राहील एवढीच घ्यावी. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळे कुजतात. दोन भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आपल्या पावसाळ्यात नकोच, पाणी धरून ठेवते. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर हवा. मानेपर्यंत पुरलेले कंद सडण्याची भीती असते. लावताना एकदा पाणी, मग दांडा डोकावेपर्यंत माती जेमतेम ओलसर. सहा ते दहा आठवड्यांत फूल येते.

खरे काम फुले सुकल्यावर सुरू होते. दांडा बुडाशी कापावा, पानाला मात्र हात लावू नये. साधारण दर चार पानांमागे कंदात फुलांचा एक दांडा धरतो, म्हणून 'पानेच येतात, फुले नाहीत' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा आदल्या वर्षीच्या अर्धवट पोषणात किंवा सावलीत असते. सकाळचे चार-पाच तास ऊन द्यावे. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी ०:०:५० खत (फक्त पालाश असलेले), लिटरभर पाण्याला दोन ग्रॅम. ऑक्टोबरअखेर पाणी थांबवून कुंडी आठ-दहा आठवडे छताखाली कोरडी ठेवावी. जानेवारीत वरची दोन इंच माती बदलून पुन्हा पाणी सुरू करावे.

पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-केशरी ठिपके असलेल्या अळ्या पाने फस्त करतात, तेव्हा सकाळी पानांची खालची बाजू तपासून त्या वेचाव्यात. पाने आणि दांड्यावर लाल चट्टे आले तर तो बुरशीचा रोग. तेवढा भाग कापून टाकावा आणि पाणी वरून न घालता कडेने द्यावे. मानेतल्या पापुद्र्यांत पिठ्या ढेकूण लपतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढावा.

'रेड लायन'चे फूल देखणे, पण गावोगावची साधी केशरी-लाल जात जास्त काटक आणि पिल्लेही (कंदाच्या बाजूला फुटणारे छोटे कंद) भरपूर देते. नवशिक्याने आधी ती लावावी. 'रेड लायन'ची पिल्ले दोन-तीन वर्षे फुलत नाहीत. लिंबाएवढी झाल्याशिवाय ती मूळ कंदापासून तोडू नयेत. कंद विषारी आहे, तेव्हा घरात कुत्रे-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.