आठपट लहान आरएच-२००: बांधून आणि उडवून पाहिलेलं किट

रोहिणी आरएच-२०० या आपल्या रॉकेटची १:८ प्रमाणातली प्रतिकृती. पुठ्ठ्याच्या नळ्या, बाल्साच्या हलक्या लाकडाचे पंख, प्लॅस्टिकचं टोक, प्लॅस्टिकचंच पॅराशूट. किंमत २,४०० रुपये, मोटर (म्हणजे दारू भरलेली नळी) आणि उड्डाणाचे पैसे वेगळे. ज्याला हातानं काम करायची आवड आहे त्यानं डोळे झाकून घ्यावं. खोक्यातून काढून लगेच उडवायचं असेल, तर पैसे वाया जातील.

मी किर्लोस्करवाडीच्या बाजूचा. आयुष्य पॅटर्नशॉपमध्ये गेलं. ओतकामासाठी लाकडाचे पॅटर्न करायचे, बीड थंड होताना आकसतं म्हणून मीटरमागे साधारण १० मिलिमीटर जादा धरायचे, कोपऱ्यात फिलेट, म्हणजे गोलसर भराव, भरायचे. त्यामुळे प्रमाण, रेष, जोड या गोष्टी मी जरा बारकाईनं बघणारच.

नातीला पीएसएलव्हीचं, म्हणजे उपग्रह सोडणाऱ्या मोठ्या रॉकेटचं, मॉडेल हवं होतं. चांद्रयान-१ (२२ ऑक्टोबर २००८) आणि मंगळयान (५ नोव्हेंबर २०१३) त्यानंच नेलं, पोरांच्या डोळ्यांसमोर तेच असतं. तरी मी आरएच-२०० वर अडून बसलो. पीएसएलव्हीला पंख नाहीत. पहिल्या टप्प्याच्या नोझलमध्ये कडेनं द्रव सोडून झोताची दिशा किंचित वळवतात आणि ते एवढं धूड सरळ ठेवतात. हातभर मॉडेलमध्ये ही व्यवस्था बसत नाही. म्हणून उडवायच्या पीएसएलव्हीला बुडाशी पारदर्शक प्लॅस्टिकचे पंख चिकटवावे लागतात. ते उडतं झकास, पण मुळात नसलेला अवयव त्याला जोडलेला असतो. आरएच-२०० खरोखरच पंखांवर उडतं. त्याचं मॉडेल आणि मूळ रॉकेट एकाच नियमानं सरळ जातात. स्केल मॉडेल म्हणायचं तर मला हेच पटतं.

ज्यांना या रॉकेटची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे उपग्रह सोडणारं रॉकेट नव्हे, साउंडिंग रॉकेट आहे. म्हणजे वरच्या हवेची माहिती घ्यायची आणि खाली यायचं. बुडाशी २०० मिलिमीटर व्यास, लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, दोन टप्पे, दोन्हींत घन इंधन, उंची ८० किलोमीटरच्या घरात. केरळात थुंबाला २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिलं रॉकेट उडालं ते अमेरिकन बनावटीचं होतं. त्याच थुंबाहून २३ नोव्हेंबर २०२२ ला आरएच-२०० चं सलग दोनशेवं यशस्वी उड्डाण झालं. सलग दोनशे! एवढ्या भरवशाच्या यंत्राचं नाव आपल्या शाळेतल्या पोरांना माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता किट. २०० भागिले ८ म्हणजे २५ मिलिमीटर. व्हर्नियर लावून बघितलं, खालची नळी चोख २५ ची निघाली. लांबी ४५ सेंटिमीटर. वरचा टप्पा मूळ रॉकेटसारखाच बारीक, आणि दोन्ही नळ्यांना जोडणारा उतरता तुकडा बाल्साचा, लेथवर छान काढलेला. पंख मात्र दोन मिलिमीटर जाड आहेत. आठपट लहान करायचं तर ते याहून पातळ हवेत. पण तेवढ्या पातळ बाल्साचा पंख पहिल्याच उतरणीत मोडेल, म्हणून इथे किट करणाऱ्यानं केलेली तडजोड मला मान्य आहे.

पंखांचं लाकूड कापताना रेष, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, कशी धरली आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं. पंखाची जी कड हवेला सामोरी जाते, तिला रेष समांतर हवी. ती आडवी पडली तर पंख बुडाशी तडकतो. इथे सगळे पंख बरोबर कापलेले होते आणि मला तिथेच कळलं, की हे किट करणाऱ्याला लाकूड कळतं.

जोडकामाची पद्धत सांगतो, कारण पुस्तिकेत ती दोन ओळींत उरकली आहे. पंखाच्या बुडाला फेव्हिकॉलचा पातळ थर द्यायचा, नळीवर पेन्सिलनं मारलेल्या रेघेवरही द्यायचा आणि दोन्ही सुकू द्यायचं. मग पंखाला पुन्हा एक हात आणि लगेच चिकटवायचं. सुकलेल्या थरावर ओला थर पटकन धरतो, पंख कलत नाही. तो उभा सरळ आहे का, हे नळीच्या तोंडाच्या बाजूनं, समोरून नजर लावून बघायचं. सगळे पक्के झाल्यावर पंख आणि नळीच्या कोपऱ्यात फेव्हिकॉलची बारीक धार सोडून ओल्या बोटानं एकदाच ओढायचं. झाला फिलेट. जोड कितीतरी पटीनं मजबूत होतो आणि हवाही त्या कोपऱ्यातून नीट वाहते. ओतकामात आम्ही फिलेट भरायचो तो कोपऱ्याला चीर जाऊ नये म्हणून, इथेही हेतू जवळपास तोच. नातीनं हे काम माझ्यापेक्षा सुबक केलं. "आबा, बोट मागे नेऊ नका, डाग पडतो," हे तिनंच मला सांगितलं. त्यानंतर सँडिंग सीलरचे हात, मधे मधे बारीक पॉलिश पेपर, आणि बाल्साची भोकं बुजल्यावरच रंग.

तक्रारी दोन. पहिली मोठी. वरच्या टप्प्यालाही पंख आहेत, आणि पुढचे पंख हवेच्या दाबाचा मध्य पुढे खेचतात. रॉकेट सरळ जायचं तर त्याचा गुरुत्वमध्य दाबाच्या मध्यापेक्षा निदान एक व्यास, म्हणजे इथे २५ मिलिमीटर, पुढे असावा लागतो. म्हणून टोकात भरायला मऊ मातीचा गोळा दिला आहे. पुस्तिकेत नुसतं 'गोळा भरा' एवढंच इंग्रजीत लिहिलंय. तो भरला नाही तर काय होईल, हे कुठेच नाही. एखादं पोर हलकं रॉकेट उंच जाईल म्हणून गोळा बाजूला ठेवेल आणि रॉकेट माणसांच्या दिशेनं वळेल. ही ओळ ठळक अक्षरात आणि मराठीत हवी. तपासायची रीत सोपी आहे. मोटर बसवून तयार झालेलं रॉकेट जिथे समतोल राहतं तिथे दोरी बांधा आणि डोक्यावरून गोल फिरवा. टोक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवं झालं किंवा शेपूट पुढे आलं तर उडवू नका, टोकात आणखी माती भरा.

दुसरी तक्रार, टोक आणि नळी बांधून ठेवणारं इलॅस्टिक फारच आखूड. वर जाऊन रॉकेट उघडतं तेव्हा टोक ताणलं जाऊन परत येतं आणि नळीवर आदळतं, कडा चेपते. रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट तरी हवं. मी शिवणकामाच्या दुकानातून चपटं इलॅस्टिक आणून बदललं. दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे, विकणाऱ्यानं तेवढ्यासाठी हात आखडू नये.

मोटर पार्सलनं येत नाही आणि ते योग्यच आहे. उड्डाणाचा दिवस ठरवला की विक्रेत्याचा माणूस मोटर आणि पेटवायचा संच घेऊन येतो. आमच्या भागात दसऱ्याला कवठेएकंदची शोभेची दारू बघत पोरं मोठी होतात, त्यामुळे दारू कुटून आपणच नळी भरावी असं कुणाच्याही डोक्यात येऊ शकतं. ते अजिबात करू नका. मॉडेल रॉकेटचा सगळा भरवसा कारखान्यात भरलेल्या मोटरवर आहे. आम्हाला मिळाली ती 'बी ६-४'. बी म्हणजे एकूण आवेग (जोर गुणिले वेळ) ५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन जोर, ४ म्हणजे जळून झाल्यावर चार सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकणारा भडका. जळणं सगळं मिळून एक सेकंदही नाही.

जागा फार विचारानं निवडा. पलूस, वाळवा, मिरज, जिकडे बघावं तिकडे ऊस. साठ मीटर वाहून गेलेलं रॉकेट उभ्या उसात पडलं की तोड येईपर्यंत विसरा. आम्ही जतला व्याह्यांच्या माळावर गेलो, शाळू काढून झालेलं रान. वाटेत ढालगावच्या पवनचक्क्या जवळजवळ थांबलेल्या दिसल्या, तेव्हाच म्हटलं आज जमणार. भल्या सकाळी वारा पडलेला असतो, दहानंतर उठतो. धसकटं वाळलेली होती म्हणून लाँचरभोवती रान साफ करून पाणी मारलं, झोत अडवायला खाली लोखंडी पत्रा होताच.

तीन मिलिमीटरची सळई, तिच्यावर रॉकेट, वायर पाच मीटर लांब आणि सगळे त्याहून मागे. नातीनं उलटे आकडे मोजून बटण दाबलं. सळई सुटेपर्यंत रॉकेटला एवढा वेग यावा लागतो, की हवा पंखांना धरेल. तो आला. सळईवरून निघालं ते रेघ ओढल्यासारखं वर गेलं, जरासुद्धा डोललं नाही. मी १०० मीटरवर कोनमापक आणि ओळंबा घेऊन उभा होतो. कोन ४० अंश. स्पर्शज्या ०.८४, म्हणजे ८४ मीटर, त्यात माझ्या डोळ्यांची उंची मिळवा. पॅराशूट अगदी शेंड्यावर उघडलं, म्हणजे मोटरचे चार सेकंद या वजनाला नेमके जुळतात. खाली यायला वीसेक सेकंद लागले. पंख शाबूत, फिलेटला केसाएवढीही चीर नाही. व्याही म्हणाले, "पुन्हा एकदा होऊ द्या की," आणि झालंही.

सेवेबद्दल म्हणाल तर आलेला मुलगा शिस्तीचा होता. एकदा मोटर पेटली नाही तेव्हा त्यानं पेटवायच्या संचाची चावी काढून पुरतं एक मिनिट कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मात्र त्याच्याकडे जादा पॅराशूट नव्हतं आणि आग न धरणारा कागदही मोजकाच होता. हा कागद मोटर आणि पॅराशूटच्या मधे भरतात, तो नसला तर भडक्यानं पॅराशूट वितळतं. ऑर्डर देतानाच दोन्ही जादा मागवा. आणि दिवस ठरवायचा तर शाळू निघाल्यावर, वळीव सुरू व्हायच्या आधीचा ठरवा.