खडक-खनिज नमुना पेटी : चौथीच्या वर्गात दोन वर्षे वापरल्यानंतर

चौथीच्या परिसर अभ्यासासाठी दोन वर्षांपूर्वी मी पुण्यातील अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून खडक आणि खनिजांच्या २४ नमुन्यांची पेटी १,८५० रुपयांना विकत घेतली. सोबत एक भिंग आणि शिक्षकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका आहे. पहिल्याच महिन्यात अभिप्राय लिहिला असता तर मी केवळ स्तुती केली असती. दोन वर्षांच्या वापरानंतर स्तुती कायम आहे, पण तिच्याबरोबर काही गंभीर तक्रारीही आहेत.

नमुने अस्सल आहेत आणि त्यांची निवड विचारपूर्वक केलेली आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. ग्रॅनाइट आणि बेसाल्ट शेजारी ठेवल्यामुळे मुलांना फरक न सांगता दिसतो: ग्रॅनाइटमधील गुलाबी, राखाडी आणि चकाकणारे कण नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात, तर बेसाल्टमध्ये ते भिंगातूनही क्वचितच दिसतात. जमिनीखाली खोलवर सावकाश निवलेल्या शिलारसाला मोठे स्फटिक तयार करण्यास वेळ मिळतो आणि पृष्ठभागावर पसरून लवकर निवलेल्या लाव्हाला तो मिळत नाही, हे समजावताना मी खडीसाखरेचा आधार घेते. पाक सावकाश निवला की मोठे खडे धरतात आणि घोटत भराभर निववला की बारीक साखर होते, हे मुलांना लगेच पटते. पाण्यावर तरंगणारा प्यूमिस पाहून तर संपूर्ण वर्ग बाकांवरून उठला होता. शेल आणि स्लेट यांची जोडीही उत्तम आहे. ज्या मुलांनी आजीची दगडी पाटी पाहिली आहे, त्यांना चिखलाचा शेल आणि शेलची पाटी होते, ही गोष्ट घरातली वाटते.

मात्र सगळे नमुने पुठ्ठ्याला घट्ट चिकटवलेले आहेत, आणि हा माझ्या मते सर्वांत मोठा दोष आहे. दगड हातात घेऊन तोलायचा, उलटा करून पाहायचा, नखाने, नाण्याने आणि काचेने त्यावर ओरखडा उमटतो का हे तपासायचे, एवढ्यासाठीच तर पेटी घ्यायची. खनिजशास्त्रज्ञ मोहस यांनी १८१२ साली मांडलेली कठीणपणाची श्रेणी दहा वर्षांच्या मुलांना शिकवता येते ती या स्पर्शातूनच. संगजिरे नखाने खरवडले जाते, कॅल्साइट जात नाही आणि गारगोटी उलट काचेवर ओरखडा काढते, एवढे त्यांनी स्वतः करून पाहिले की कोष्टक पाठ करावे लागत नाही. मी एका रविवारी बसून सर्व नमुने कोमट पाण्याने सोडवले. त्यात जिप्समचा एक तुकडा फुटला. शिवाय ऑब्सिडियन या ज्वालामुखीतून बनलेल्या नैसर्गिक काचेच्या कडा धारदार असूनही पुस्तिकेत त्याची सूचना नाही.

पुस्तिकेविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे. तिच्यात ज्वालामुखीचे एकच चित्र आहे: शंकूच्या आकाराचा डोंगर आणि वर धूर ओकणारे तोंड. ते पाहून एका मुलीने विचारले, "बाई, आपली वेताळ टेकडीसुद्धा ज्वालामुखी होती का?" मी म्हणाले, "असेल." ते उत्तर चुकीचे होते. घरी वाचल्यावर लक्षात आले, की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीतील लांबच लांब भेगांमधून बाहेर आला, थरावर थर पसरत गेला, आणि आज आपण ज्यांना टेकड्या म्हणतो त्या त्या थरांची झीज होऊन उरलेला भाग आहेत. दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझी चूक सांगितली आणि सिंहगडाच्या उतारावरील पायऱ्यांसारख्या कड्यांचे छायाचित्र दाखवले. त्या दिवसापासून मी प्रश्नाला तत्काळ उत्तर देणे थांबवले आहे, आधी "तुला काय वाटते, आणि कशावरून?" असे विचारते. पुस्तिका याच्या नेमकी उलट रीत सुचवते: नाव, व्याख्या, मग नमुना. मी आता नावाची चिठ्ठी झाकून दगड देते, मुलांकडून त्याचे वर्णन लिहून घेते आणि नाव शेवटी सांगते. तासिकेत तीनच नमुने होतात, पण ते विसरले जात नाहीत.

दुसरी उणीव पुण्यातील शिक्षकाला अधिक जाणवेल. पेटीतील बेसाल्ट एकजिनसी, गुळगुळीत आहे. आपल्याकडे पायाचे खोदकाम सुरू झाले की जे दगड बाहेर पडतात, त्यांत अनेकदा छिद्रे असतात किंवा पांढरे ठिपके. लाव्हातील वायूचे बुडबुडे वर चढताना अडकून ती छिद्रे झाली आणि पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी, विशेषतः झिओलाइटांनी, ती भरली. वाघोलीच्या खाणींतील निळ्या कॅव्हन्साइट या खनिजासाठी जगभरचे संग्राहक धडपडतात; पुण्यात विकल्या जाणाऱ्या पेटीत झिओलाइटचा एकही तुकडा नसावा, याचे मला वाईट वाटते. मुलांनी आणलेले असे ११ दगड आम्ही बुटांच्या खोक्यात स्वतंत्र ठेवले आहेत. त्यानंतर पाताळेश्वरला नेले तेव्हा आठव्या शतकातील ते लेणे याच काळ्या पाषाणात कोरलेले आहे, हे मुलांनी भिंतीला हात लावून मला सांगितले.

भिंग कमी शक्तीचे आहे. दहापट मोठे दाखवणारे वेगळे घ्यावे. संगमरवरावर व्हिनेगर टाकण्याचा पुस्तिकेतील प्रयोग अखंड तुकड्यावर फारसा दिसत नाही, खरवडलेल्या भुकटीवर टाकल्यास बुडबुडे स्पष्ट दिसतात. दुकानदाराकडे न चिकटवलेल्या नमुन्यांची मागणी अवश्य करावी. मी केली तेव्हा तशी पेटी उपलब्ध नव्हती, आणि तरीही याच किमतीला मी ही पेटी पुन्हा घेईन.