पहिलीसाठी चित्र-शब्द कार्डं : 5 पैकी अडीच स्टार, तेही पुठ्ठ्यासाठी

ऑनलाइन मागवलेला संच आहे, कंपनीचं नाव घेत नाही कारण बाजारात बरेच संच थोड्याफार फरकाने असेच मिळतात. चांगलं आधी सांगते, पुठ्ठा जाड, लॅमिनेशन मस्त, पोरांच्या हातात इतकं फिरून पण कोपरे सुटले नाहीत. झालं कौतुक.

आता मुद्द्याचं. चित्र आणि शब्द एकाच बाजूला छापलेत. पोरगं वरचं चित्र बघतं, 'बदक' म्हणून ठोकून देतं आणि आपण खुश की वाचायला लागलं! खालच्या अक्षरांकडे त्याने ढुंकूनही बघितलेलं नसतं, चित्रावर वही ठेवली की सगळं ठप्प. टोपलीचं कार्ड दाखवलं तर निम्मा वर्ग 'पाटी' म्हणाला, आता आमच्याकडे टोपलीला पाटीच म्हणतात त्यामुळे पोरांना बोलण्यात अर्थ नाही, पण समोर 'टो' असताना 'पा' येतंय म्हणजे बघा. ऐ ला ऐरण, तिच्यावर हातोडा काढलाय, सगळे एका सुरात 'हातोडा'. (ऐरण आता कुणाच्या घरी बघितलीये हो?) ण ला बाण आणि ळ ला बाळ याला इलाज नाही, या अक्षरांनी शब्दच सुरू होत नाही, पण निदान ते अक्षर वेगळ्या रंगात तरी छापायचं ना.

शेवटी कात्री घेतली, चित्रं वेगळी आणि शब्द वेगळे केले. आधी शब्द वाचायचा मग चित्र शोधून जोडायचं. बदक, बस, बशी, बटाटा ही चित्रं मुद्दाम एकत्र ठेवते, नुसत्या 'ब' वर भागत नाही, पुढचं अक्षर वाचावंच लागतं. आता मजा येते.

पैसे घालवायच्या आधी 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट बघा, 2015 पासून आहे, फुकट आहे, मराठी गोष्टी भरपूर, 1 ते 4 लेव्हल आणि पहिल्या लेव्हलला मजकूर अगदी थोडा. ओपन लायसन्स आहे त्यामुळे प्रिंट काढून वर्गात वाटता येतं. फक्त अनुवाद कुणीही करू शकतं म्हणून आधी स्वतः वाचून घ्या. मी पहिल्यांदा नुसती चित्रं दाखवून पोरांना बोलतं करते, कोण आहे, कुठे चाललंय, पुढे काय होईल, म्हणजे गोष्टीतले शब्द तोंडात आलेले असतात, मग वाचताना अडखळलं तरी पोरगं आपलं आपण सावरतं. चित्राचा उपयोग इथे खरा होतो.

तरी कार्डंच हवी असतील तर विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा, शब्द मागे असेल तरच घ्या. आमच्या संचात तिथे कंपनीचा लोगो आहे, प्रत्येक कार्डावर, चांगला मोठा.