ॲप्टिट्यूड टेस्ट भाचीची, काउन्सेलिंग झालं दाजींचं

दहावीतल्या भाचीची ॲप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे पोराला कशात गती आहे ते बघणारी चाचणी, करून आणली, त्या सेंटरचं आधी रेटिंग सांगून टाकतो. समुपदेशन करणाऱ्या मॅडमना पाचपैकी पाच, टेस्टला चार, त्या गुळगुळीत कागदाच्या रिपोर्टला दोन आणि रिसेप्शनला भोपळा. सेंटरचं नाव टाकत नाही, पुण्यात पेठेत अशी बरीच सेंटरं आहेत आणि बहुतेकांचा साचा एकच, त्यामुळं नावापेक्षा आत गेल्यावर काय बघायचं ते कळलेलं बरं.

माझं कराडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आयटीआय इलेक्ट्रिशियन केलंय, त्यामुळं करिअर गायडन्सवर मी काय बोलणार असं आमच्या दाजींचं स्पष्ट मत आहे. दाजी बँकेत, ताई शाळेत, भाची साताऱ्याला दहावी. दाजींनी निकालाच्या आधीच लातूरला फोन करून हॉस्टेलची चौकशी केली होती, नीटची म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायचं ठरलेलं होतं, फक्त भाचीला कुणी विचारलेलं नव्हतं. आणि ही पोरगी सुट्टीत माझ्याकडं आली की दुकानात स्टूल टाकून बसणार, पाणबुडी मोटर उघडली की स्टेटरचे (मोटरचा न फिरणारा भाग) स्लॉट मोजणार, जुनी कॉइल कापून काढली की वळसे किती, तार कितीची, हे माझ्या वहीत लिहून ठेवणार. दाजी म्हणतात तुमच्यामुळंच बिघडली. असू दे.

टेस्टच्या आधी एक किस्सा झाला तो सांगायलाच पाहिजे कारण यात बरेच पालक अडकतात. भाचीच्या क्लासमध्ये एक माणूस लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन आला, दहा बोटांचे ठसे घेतो आणि मेंदूचा रिपोर्ट देतो म्हणाला, डीएमआयटी म्हणजे डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट. डावा मेंदू किती टक्के, उजवा किती टक्के, पोरगं डॉक्टर होणार का इंजिनिअर सगळं ठशावरून. दाजी पैसे भरायला निघाले होते, ताईनं अडवलं. अहो बोटांच्या रेषा आईच्या पोटातच पडतात, त्यावरून दहावीनंतरचं ॲडमिशन कसं काय ठरणार? हे लोक हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव घेतात, त्यांची मल्टिपल इंटेलिजन्सची, म्हणजे बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते ही मांडणी 1983 ची आहे, पण तिच्यात ठशांचा काही संबंधच नाही. आपल्या देशातल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनं पण याला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलेलं आहे. तेव्हा स्कॅनर दिसला की चप्पल घालायची आणि घरी यायचं.

तर खरी टेस्ट. सकाळी नऊची वेळ दिलेली, गाडी लावायला जागा नाही (पेठ आहे, अपेक्षा तरी काय करणार), रिसेप्शनवरच्या पोरीनं फॉर्म भरून घेताना तीन वेळा प्रीमियम पॅकेज घ्या म्हणून सांगितलं, त्यात जास्त काय मिळतं विचारलं तर म्हणाली रंगीत रिपोर्ट. आम्ही साधंच घेतलं, साडेतीन हजार. कुठली टेस्ट घेता हे तिला माहीत नव्हतं, आतून विचारून आली, डिफरन्शिअल ॲप्टिट्यूड टेस्ट. ही मूळ अमेरिकेतली, 1947 पासूनची, आपल्याकडं तिच्या इथल्या मुलांसाठी बेतलेल्या आवृत्त्या वापरतात. एकच मार्क मिळत नाही, वेगवेगळे भाग असतात, भाषेचं तर्क, आकडे, आकृत्यांचं तर्क, यांत्रिक समज, घडी घालून डबा कसा बनेल ते ओळखणं, नजरेचा वेग, स्पेलिंग वगैरे. प्रत्येकाला घड्याळ लावलेलं. पेपर मराठीत पण मिळतो, आम्ही मराठीत घेतला.

पालकांना बाहेर बसवतात पण सॅम्पल प्रश्न दाखवले. एका चित्रात दातेरी चाकं एकमेकांत अडकवलेली, पहिलं डावीकडं फिरलं तर शेवटचं कुठं फिरेल. दाजींनी बोटं हवेत फिरवायला सुरुवात केली, मी गप्प बसलो. दुसरं नजरेच्या वेगाचं, अक्षरांच्या जोड्या रांगेत छापलेल्या, एका जोडीखाली रेघ आणि तीच जोडी उत्तराच्या कागदावर शोधून खूण करायची, मिनिटं अगदी मोजकी. भाची बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मामा, चाकांचा पेपर मस्त होता, तो अक्षरांचा डोकं फिरवणारा." मध्ये सुट्टीत खाली जाऊन वडापाव खाल्ला, परत वर आवडींची प्रश्नावली. तिथं बरोबर-चूक काही नसतं, अमुक काम करायला आवडेल का एवढंच विचारतात, आणि त्यावरून हॉलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या सहा प्रकारांत तुमचा कल बसवतात, हातानं काम करणारा, शोध घेणारा, कलेचा, माणसांत रमणारा, पुढाकार घेणारा, कागदपत्र नीट ठेवणारा.

रिपोर्ट आठवड्यानं. जाडजूड, चकचकीत, इंग्रजीत. टेस्ट मराठीत घेता तर रिपोर्ट मराठीत द्यायला काय होतं राव, ताईनं वाचून दाखवला म्हणून ठीक. पहिल्या दोन पानांवर तिचे आकडे आणि पुढं सगळं कॉम्प्युटरनं ओतलेलं, कुणाच्याही पोराला चालेल असं. सुचवलेल्या करिअरमध्ये मरीन बायोलॉजिस्ट. भाचीनं समुद्र बघितलाय तो गणपतीपुळ्याला.

दाजींनी पहिल्या पानावर भाषेच्या तर्कापुढं 45 बघितलं आणि चेहरा पडला, "नापास झाली की." हे पर्सेंटाइल असतं, मार्क नव्हे. तिच्या इयत्तेच्या शंभर पोरांमध्ये पंचेचाळीस तिच्या मागं आहेत एवढाच अर्थ, म्हणजे मधोमध. यांत्रिक समज 92, घडीचा डबा 88, नजरेचा वेग 30. ते शंभर कुठले, हे मी मॅडमना विचारलं, कारण पुण्यातल्या मोठ्या शाळेतल्या पोरांशी साताऱ्याच्या पोरीची तुलना करायची तर आकडा वेगळा येणार. त्या चिडल्या नाहीत, कुठल्या शाळांतल्या मुलांवर तुलनेचे आकडे काढलेत ते कागद काढून दाखवलं आणि 45 चं फार मनावर घेऊ नका, 92 आणि 30 मधल्या अंतराकडं बघा म्हणाल्या. पाच स्टार तिथंच दिले मी.

मग त्यांनी आम्हाला बाहेर काढलं आणि भाचीशी एकटीशी बोलल्या. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं गेली असतील. दाजी येरझाऱ्या घालत होते.

आत बोलावलं तेव्हा दाजींनी हुकमाचं पान टाकलं, सायन्सला 91 आहेत, म्हणजे मेडिकल. मॅडमनी प्रीलिमचे पेपर आणलेत का विचारलं. नशीब ताईनं पिशवीत टाकले होते. बोर्डाला सायन्सचे दोन पेपर असतात, भाग एक म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री आणि भाग दोन म्हणजे जीवशास्त्र, प्रत्येकी 40 मार्कांचे, वरती 20 प्रात्यक्षिकाचे, आणि मार्कलिस्टवर सगळं मिळून एकच आकडा येतो. प्रीलिमला भाग एकमध्ये 37, भाग दोनमध्ये 29. नीट 720 मार्कांची, त्यात 360 एकट्या बायोचे. दरवर्षी 20 लाखांच्या वर पोरं बसतात आणि एमबीबीएसच्या सीट देशभर मिळून लाख-सव्वालाख, त्यातल्या सरकारी कितीशा. मॅडम एवढंच बोलल्या, "ज्या विषयाचे निम्मे मार्क आहेत तो तिनं तुमच्यासाठी पाठ केलाय." दाजी काही बोलले नाहीत. मग त्यांच्या वाटाघाटी सुरू, दोन्ही ग्रुप ठेवू, गणिताबरोबर बायो पण राहू दे, दोन्ही दारं उघडी राहतील. त्यावर मॅडमनी सांगितलं की आता बारावीनंतर सुद्धा बायो जादा विषय म्हणून देऊन नीटला बसता येतं, मेडिकल कमिशननं 2023 ला तशी मुभा दिलीय, तेव्हा त्या भीतीपोटी दोन वर्षं पोरीच्या डोक्यावर चार जड विषय ठेवू नका.

मी मनात खूश. म्हणलं चला, डिप्लोमा इलेक्ट्रिकल, कराडचं गव्हर्न्मेंट पॉलिटेक्निक माझ्या दुकानापासून जवळ, तीन वर्षांनी डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंग. तर मॅडम माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, मामा, तिला मोटर दुरुस्त करण्यात तेवढा रस नाही. आवडीच्या प्रश्नावलीत शोध घेणं आणि माणसांत रमणं वर आलंय, हातकाम तिसरं. भाचीनं आत सांगितलं होतं की दुकानातल्या पोराला, नवीन लागलाय तो, तीन फेजचं कनेक्शन चुकलं की मोटर उलटी का फिरते हे तिनं चित्र काढून समजावलं ते तिला सगळ्यात भारी वाटलं. मी त्या दिवशी तिथंच होतो, मला वाटलं पोरगी टाइमपास करतीय.

म्हणजे पर्याय कुठले, तर पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) घेऊन इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर (घडीच्या डब्याचे 88 म्हणून, त्याला नाटा ही वेगळी परीक्षा), नाहीतर बीएस्सी फिजिक्स आणि पुढं शिकवणं किंवा संशोधन. शिकवणं म्हणल्यावर ताई जी सतरा वर्षं शाळेत आहे तीच पहिली "नको" म्हणाली, यावर मी काही लिहीत नाही, घरात राहायचंय. मॅडमनी आत्ताच ठरवू नका म्हणून सांगितलं, फक्त यंदा बायो सोडा आणि सुट्टीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आणि एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये दिवसभर बसवा, काम कसं चालतं ते बघू दे. लॅबला जाऊन आली, आर्किटेक्टकडं अजून जायचंय.

आता अकरावीचा फॉर्म. 2025 पासून सगळ्या राज्यात ऑनलाइनच झालंय, एक ते दहा कॉलेजं पसंतीक्रमानं टाकता येतात, आणि पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं आणि घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, तेव्हा पहिल्या नंबरला शेजाऱ्यानं सांगितलेलं काहीतरी टाकू नका. डिप्लोमाची प्रक्रिया वेगळी असते, दहावीच्या मार्कांवर, सीईटी नाही, त्यामुळं तो फॉर्म पण भरून ठेवता येतो. आम्ही दोन्ही भरले. दाजींनी लातूरचा नंबर फोनमधून काढलेला नाही, पण चौकशी थांबलीय.

पैसे वसूल झाले का, तर हो, पण ते रिपोर्टचे नाहीत, त्या तासाभराचे. ज्या सेंटरला पोराशी एकट्याशी बोलत नाहीत आणि रिपोर्ट हातात देऊन पाठवतात तिथं साडेतीन हजार घालवू नका. खर्चच करायचा नसेल तर नववी-दहावीच्या पोरांसाठी सीबीएसई आणि एनसीईआरटीची तमन्ना नावाची ॲप्टिट्यूड टेस्ट आहे, त्यात पास-नापास नसतं, आणि आवडीनिवडीसाठी अमेरिकेच्या श्रम खात्याची ओनेट ही प्रश्नावली फुकट आहे, साठ प्रश्न, इंग्रजी वाचता आलं पाहिजे. समजावून सांगायला मात्र तिथं मॅडम नसतात.

जाणार असाल तर निकालानंतर जाऊ नका, जूनमध्ये नुसती झुंबड असते आणि मॅडमकडं वीस मिनिटांवर वेळ मिळत नाही, नववी संपली की लगेच जा. आई-वडील दोघंही पाहिजेत, एकानं जाऊन दुसऱ्याला घरी सांगितलं तर वेगळंच सांगितलं जातं. प्रीलिमचे पेपर पिशवीत टाका. आणि फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर मेसेज टाका, दुपारी चारनंतर उत्तर येतं.