सिरॅमिक काढून अल्निको: हंबकरच्या मोकळ्या मॅग्नेट पट्ट्या कशा आहेत?

स्वस्त इलेक्ट्रिक गिटारच्या हंबकरमध्ये, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या दोन कॉईलच्या पिकअपमध्ये, बहुतेक वेळा सिरॅमिक मॅग्नेट असतो. मंडईतल्या ऑर्केस्ट्रात किंवा भीमजयंतीच्या कार्यक्रमात, उघड्या मैदानावर भोंग्यांतून त्याचा आवाज कानाला टोचतो. तरी लगेच पेचकस हाती घेऊ नका. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ब्रिजचा (तारा बॉडीवर टेकतात तिथला) पिकअप तारेपासून साधारण २ मिमी खाली येईल एवढा उतरवा. अर्धी तक्रार तिथंच मिटते.

उरलेल्या अर्ध्यासाठी अल्निको ५ ची पट्टी (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचा मॅग्नेट; आकडा त्याचा प्रकार सांगतो) हा पैसे वसूल करणारा पर्याय आहे. खर्ज भरीव राहतो, तार छेडल्याचा ठोका स्पष्ट येतो, वरच्या स्वरांची धार मात्र बोथट होते. सिरॅमिकमधून वीज वाहत नाही. अल्निको धातूचा असल्याने त्यात भोवरी प्रवाह (धातूत गोल फिरणारे छोटे वीजप्रवाह) तयार होतात आणि ते वरचे स्वर थोडे खातात. कॉईलचं इंडक्टन्सही (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) किंचित वाढतं. अल्निको २ त्याहून मऊ. नेक (गिटारच्या दांड्याजवळच्या) पिकअपवर संथ गाण्यांना तो फार गोड लागतो, पण ब्रिजवर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) लावलं की खर्ज सैल पडतो. म्हणून ब्रिजला ५, नेकला २ ही जोडी घ्यावी. जड डिस्टॉर्शनच वाजवायचं असेल तर सिरॅमिक राहू द्या, घट्टपणात त्याला तोड नाही.

पट्टी मागवताना लांबी-रुंदी-जाडी मोजून घ्या. नेहमीचं माप सुमारे ६३ × १२.७ × ३.२ मिमी असतं. पातळ पट्टी आत हलते आणि आवाज वाढवला की पिकअप शिट्टी मारतो.

बदलताना तारा सैल करून पिकअप बाहेर काढा. जुन्या पट्टीची कोणती लांब कड पेचांच्या कॉईलकडे (दोनपैकी जिच्यावर पेचांची रांग असते तिच्याकडे) आहे, तिथं मार्करनं खूण करा. खालचे चार पेच तीन-चार आटे ढिले करा, पूर्ण काढू नका. कॉईलभोवतीची टेप कापताना पातं वरवर चालवा. कॉईलची तार केसाएवढी बारीक, तुटली की ती कॉईल बंद. पिकअपमध्ये ओतलेलं मेण घट्ट असेल तर हेअर ड्रायरची हलकी ऊब द्या आणि पट्टी लाकडी काडीनं ढकला. आता शाळेच्या प्रयोगपेटीतलं होकायंत्र घ्या: जुन्या खुणेच्या कडेला सुईचं जे टोक ओढलं जातं, तेच टोक ओढणारी नवी कड पेचांकडे ठेवा. उलटी बसली तर दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येतो. मल्टीमीटरवर आधीचा आणि नंतरचा रोध सारखाच दिसला पाहिजे. मॅग्नेटनं तो बदलत नाही.

अल्निको पट्ट्या सिरॅमिकसोबत एका डबीत ठेवू नयेत. समान ध्रुव समोरासमोर आले की अल्निको कमजोर होतो.

शेतपंपांच्या लाईनवर किंवा जनरेटरवर येणारी घरघर यानं जाणार नाही, त्याला अर्थिंगच बघावं लागतं. आणि स्ट्रॅटसारख्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार) जुन्या धाटणीच्या सिंगल कॉईल, म्हणजे एकाच कॉईलच्या, पिकअपमध्ये हा प्रयोग नकोच. तिथं मॅग्नेटच्या कांड्यांवरच तार गुंडाळलेली असते. कांडी ढकलली की गुंडाळी फाटते.

आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाचं मॅग्नेटला काहीच नाही. पण बंद गाडीत, उन्हात ठेवलेल्या गिटारच्या पिकअपमधलं मेण मऊ पडू शकतं.