खारीची दाढ फर्स्टक्लास, जबड्याची स्प्रिंग टाकाऊ

मी ठाण्यात अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवतो. फळ्यावर दंतसूत्र (कोणते दात किती, याचा आकड्यांतला हिशेब) लिहायचं, मुलांनी ते पाठ करायचं, की दातांचा धडा संपला. याचा कंटाळा आला म्हणून जांभळी नाक्याजवळच्या एका दुकानातून रेझिनच्या कवट्यांचा संच घेतला. खार, कुत्रा, गाय आणि माणूस. घासाघीस करून २,२०० रुपये. वन्यप्राण्याची खरी कवटी बाळगायची म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची भानगड, तेव्हा रेझिनच बरं.

संचाचा जीव खारीत आहे. ती मूळ मापापेक्षा बरीच मोठी केली आहे, त्यामुळे मागच्या बाकावरूनही दाढा दिसतात. वरच्या दाढेवरचे आडवे कंगोरे बोटाला लागतात. जिभेकडच्या बाजूला मोठा उंचवटा आहे, तो प्रोटोकोन. तोंड मिटलं की तो खालच्या दाढेच्या खळग्यात बसतो आणि दाणा भरडला जातो. खारींच्या बऱ्याच जातींत वरची पहिली उपदाढ (दाढांच्या पुढचा दात) अगदी नखाच्या टोकाएवढी असते. मॉडेल बनवणारे ती सर्रास गाळतात, इथे ती आहे. बनवणाऱ्याला शाबासकी.

उंचवटा आणि खळगा ही जोडी खारीनं शोधलेली नाही. डायनासोरांच्या काळात चिचुंद्रीएवढे सस्तन प्राणी होते, त्यांच्यातच ती तयार झाली होती. कातरणं आणि भरडणं एकाच दाढेत जमवणाऱ्या या रचनेला जीवाश्मतज्ज्ञ सिम्पसननं १९३६ मध्ये ट्रायबोस्फेनिक म्हटलं. त्या वरच्या दाढा तिकोनी होत्या. पुढे मागच्या कोपऱ्यात हायपोकोन नावाचा आणखी एक उंचवटा आला, दाढ चौकोनी झाली आणि चावायला जागा वाढली. हंटर आणि यर्नवाल या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं की हा उंचवटा वेगवेगळ्या कुळांत वीसहून जास्त वेळा स्वतंत्रपणे आला आहे. वर्गात एकानं विचारलं, "सर, म्हणजे सगळ्यांनी कॉपी केली?" म्हटलं, नाही रे, प्रत्येकानं आपापला पेपर सोडवला आणि उत्तर तेच आलं. माणसाची कवटी तेव्हाच हातोहात फिरवली. आपल्या वरच्या पहिल्या दाढेवर चौथा उंचवटा स्पष्ट दिसतो.

आता तक्रार. चारही जबड्यांना एकच स्प्रिंग लावली आहे, नुसती वर-खाली उघडझाप करणारी. कुत्र्याला ती चालते, त्याचा जबडा बहुतेक तसाच मिटतो. गाय मात्र खालचा जबडा आडवा फिरवून रवंथ करते, म्हणून तिच्या उंच दाढांवर एनॅमलच्या, म्हणजे दाताच्या कठीण आवरणाच्या, चंद्रकोरी झिजून वर आलेल्या असतात. आणि खार? कुरतडताना ती खालचा जबडा पुढे सरकवते, तेव्हा दाढा एकमेकींना टेकत नाहीत. चावताना तो मागे घेते, तेव्हा पटाशीचे दात सुटे होतात. दोन्ही कामं एकदम होतच नाहीत. शिकवण्यासारखी गोष्ट हीच, आणि स्प्रिंगमुळे नेमकी हीच दिसत नाही.

खारीचे पटाशीचे दात पांढरेशुभ्र रंगवलेत, टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभतील असे. खरे पुढून नारिंगी असतात, एनॅमलमधल्या लोहामुळे. मुलीच्या ॲक्रिलिक रंगानं मी ते दुरुस्त केलं. आमच्या सोसायटीत देशी बदामाखाली खारींनी पोखरलेल्या बिया पडतात, त्याही सोबत नेतो. गाय इतकी लहान केली आहे की खारीशेजारी ठेवली तर मुलं हसतात.

माहितीपत्रकात एक ढोबळ चूक आहे. कुत्र्याच्या वरच्या, सुळ्यामागच्या सर्वांत मोठ्या दाताला 'पहिली दाढ' म्हटलंय. ती शेवटची उपदाढ. तिची जोडीदार खालची पहिली दाढ, आणि मांस कातरायचं ते या जोडीनं. बाकी पत्रकभर अमेरिकेतल्या घोड्यांच्या दातांची गोष्ट. गवताळ प्रदेश पसरले, दाढा उंच झाल्या, ठीक. पण आपण ज्या दख्खनच्या लाव्हावर राहतो, त्याच्याच थरांमधल्या गाळात तेलंगणातल्या नसकलला डेक्कनोलेस्टिस या चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात सापडले आणि प्रसाद व साहनी या संशोधकांनी १९८८ मध्ये ते जाहीर केले, याचा उल्लेखही नाही. दाढा जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या, आणि ठेवण तीच ट्रायबोस्फेनिक.

शाळा-कॉलेजला घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पाचपैकी साडेतीन तारे. घरी शोभेसाठी नको, गायीचं शिंग पहिल्याच आठवड्यात निघालं. खारीची स्प्रिंग काढून जबडा रबरबँडनं बांधा, मग तो हवा तसा पुढे-मागे सरकतो. त्यासाठी चष्म्यावाल्याकडचा बारीक स्क्रूड्रायव्हर लागतो. दुकानात मागताना 'खारवाला संच' असंच म्हणा. उंदीरवाला वेगळा आहे, त्यात दाढांच्या जागी नुसती गुळगुळीत पट्टी आहे.