बेळगावहून एका दिवसात लाल कातळांकडे: बदामी की गोकाक?

बेळगावच्या पूर्वेला खरे वाळवंट नाही. पण सह्याद्री अडवून धरतो तो पाऊस यरगट्टीच्या पलीकडे इतका विरळ होतो, की उसाची जागा ज्वारी घेते, झाडोऱ्यात बाभूळ उरते आणि काळ्या रानातून मधूनच तांबूस, उघडा कातळ वर आलेला दिसतो. बागलकोट जिल्ह्यातील कलादगी या गावाचे नाव भूशास्त्रज्ञांनी या खडकांच्या समूहाला दिले असून तो सह्याद्रीच्या काळ्या कातळापेक्षा कितीतरी जुना आहे. हा प्रदेश एका दिवसात, जाणत्या माणसाबरोबर पाहायचा असेल, तर बेळगावकरांपुढे प्रामुख्याने दोन पर्याय असतात: बदामी आणि गोकाक.

पहिला फरक अंतराचा आहे. बदामी सुमारे दीडशे किलोमीटरवर असून तीन ते साडेतीन तासांचा रस्ता आहे, म्हणजे पहाटे निघून रात्री परतताना दिवसातले सहा-सात तास गाडीतच जातात. गोकाकचा धबधबा साधारण साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे आणि न्याहारी करून निघाले तरी चालते.

कातळाच्या दृष्टीने मात्र बदामीची बरोबरी गोकाकला करता येत नाही. अगस्त्य तलावाच्या दोन्ही अंगांना उभे असलेले वालुकाश्माचे कडे लोहामुळे लाल झालेले आहेत, त्यांवरचे आडवे थर दुरूनही मोजता येतात आणि वस्तुसंग्रहालयामागून उत्तरेच्या किल्ल्याकडे चढणारी वाट दोन उभ्या भिंतींमधल्या अशा अरुंद घळीतून जाते, की भर दुपारीही तिथे सावली असते. दक्षिणेकडच्या कड्यात चार लेणी आहेत. पहिल्या लेण्यातील अठरा हातांचा नटराज सर्वांना ठाऊक असतो. परंतु तिसऱ्या लेण्यातील शके 500, म्हणजे इ.स. 578 चा, चालुक्य राजा पहिला कीर्तिवर्मा याच्या काळात त्याचा भाऊ मंगलेश याने कोरवलेला शिलालेख पाहिल्याखेरीज निघू नये, कारण त्यामुळे या लेण्याचा काळ निश्चित होतो. गोकाकचा खडक याच कलादगी समूहातला, पण अधिक कठीण आहे. घटप्रभा नदी त्याच्या नालाकृती कड्यावरून सुमारे 52 मीटर खाली कोसळते. झुलत्या पुलावरून दिसणारे ते दृश्य भव्य असले, तरी तिथला नायक कातळ नसून पाणी आहे. जवळच मार्कंडेय नदीवर गोडचिनमलकीचा दोन टप्प्यांचा धबधबा असून गोकाकला जाणाऱ्याने तो चुकवू नये.

मार्गदर्शकाचा प्रश्न या दोन्ही ठिकाणी सारखा नाही. गोकाकला त्याची गरज नाही. रस्ता सरळ आहे आणि जे पाहायचे ते समोर दिसते. बदामीत लेण्यांपाशी परवानाधारक मार्गदर्शक मिळतात. दर आणि भाषा आधी ठरवून घ्यावी. लेण्यांसाठी मार्गदर्शक घेणे हा आवडीचा भाग झाला, मात्र सिडलफडीला जायचे असल्यास तो घ्यावाच. कन्नडमध्ये ‘सिडिलु’ म्हणजे वीज आणि विजेने फोडलेला म्हणून ओळखला जाणारा हा कातळ गावापासून दूर, काटेरी माळावर आहे. त्याच्या आडोशाला प्रागैतिहासिक चित्रे आहेत, आणि माळावरच्या पायवाटा एकमेकींत मिसळत असल्याने नवख्या माणसाने तिकडे एकटे जाऊ नये.

सहलीची गाडी भरून नेणारे आयोजक बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात दाखवतात. माझ्या मते बेळगावहून जाणाऱ्यासाठी हा बेत चुकीचा आहे. पट्टदकल 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि ऐहोळ्याच्या मेगुती मंदिरावर कवी रविकीर्तीचा इ.स. 634 चा शिलालेख आहे. त्यामुळे ही ठिकाणे घाईत पाहण्याजोगी नाहीत, आणि त्यांच्यामागे धावताना कातळासाठी अर्धा तासही उरत नाही. ज्याला मुख्यतः खडक पाहायचे आहेत, त्याने स्वतंत्र गाडी ठरवून स्थानिक मार्गदर्शक तिथे घ्यावा, ऐहोळे सोडावे आणि वेळ उरल्यास सुमारे 22 किलोमीटरवरचे पट्टदकल पाहून परतावे.

ऋतूवर बरेच अवलंबून आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बदामीचा काळ; एप्रिल-मे महिन्यांत तापलेला कातळ चपलेतूनही जाणवतो. गोकाकला जुलै ते सप्टेंबरमध्ये जावे, मात्र ओल्या खडकावर काठाशी उतरण्याचे धाडस करू नये. उन्हाळ्यात तिथे पाण्याची बारीक धारच उरते, आणि केवळ कातळ पाहणाऱ्याला तेव्हाचा कडा अधिक नीट वाचता येतो, हे खरे असले तरी त्यासाठी घरच्यांना तयार करणे अवघड आहे.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना बदामीच्या पायऱ्या जड जातात आणि तिथली माकडे हातातली पिशवी ओढतात, म्हणून खाण्याचे पदार्थ गाडीतच ठेवावेत. तरीही घरातील वडीलधारी मंडळी बदामीच पसंत करतील, कारण आपल्याकडच्या अनेक घराण्यांची कुलदेवता बनशंकरी तिथून चार-पाच किलोमीटरवर आहे. दर्शनाचा बेत असेल, तर कातळ सकाळी आणि देऊळ दुपारी ठेवावे. मंदिराच्या परिसरात बायका टोपलीतून ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही विकायला आणतात, त्यामुळे दुपारच्या जेवणासाठी हॉटेल शोधावे लागत नाही. गोकाकहून परतणाऱ्याने करदंट या तिथल्या डिंक-सुकामेव्याच्या मिठाईचा डबा घेतलेला असतोच.